स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : निवड आणि पूर्वतयारी

सोलापूरहून हैदराबादेस निघालेली एस. टी. उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद ही गावे मागे टाकून शहराच्या हद्दीत शिरते, तेव्हा मियापूरच्या पुढे लागणारे मोठे उपनगर म्हणजे कुकटपल्ली होय. गृहनिर्माण मंडळाची विस्तीर्ण वसाहत, जवाहरलाल नेहरू तंत्रविद्यापीठ, २०१७ च्या अखेरीपासून हमरस्त्यावरून धावणारी मेट्रो आणि जवळच्या हायटेक सिटीत रात्रपाळी करणारा तरुण नोकरवर्ग ही आजच्या कुकटपल्लीची ओळख आहे. या ओळखीत खाजगी इस्पितळांचीही भर पडली आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, आणि मोठ्या आजारासाठी हैदराबादेस जाण्याची तेथील लोकांची वहिवाट राज्य बदलले तरी पुष्कळशी टिकून आहे. त्यामुळे या इस्पितळांच्या बाकांवर तेलुगू आणि दख्खनी उर्दूच्या जोडीला मराठीही कानी पडते.

या बाकांवर आता वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करणारी माणसेही दिसू लागली आहेत. त्यात आश्चर्य नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातील सुमारे ३० टक्के स्त्रिया आणि ३२ टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्श्याइतके आहे. चौकशीस आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : या शस्त्रक्रियांपैकी सर्वांत चांगली कोणती? प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. शस्त्रक्रियेस एक-दोन तास लागतात. तिच्या अटी मात्र जन्मभर पाळावयाच्या असतात. म्हणून कोणत्या शस्त्रक्रियेच्या अटी आपल्या शरीराला मानवतील आणि आपल्या हातून निभावतील, असा प्रश्न विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते.

प्रथम ही शस्त्रक्रिया कोणासाठी आहे, ते पाहू. यासाठी वैद्यकात बीएमआय नावाचे एक माप वापरतात. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की ते मिळते. उंची १ मीटर ६० सेंटिमीटर आणि वजन ९० किलो असेल, तर हा आकडा ३५ च्या किंचित वर येतो. १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या दंडकानुसार ४० च्या वर, किंवा मधुमेहासारखा आजार जोडीला असल्यास ३५ च्या वर, शस्त्रक्रियेचा विचार होत असे. २०२२ साली या विषयातील दोन प्रमुख आंतरराष्ट्रीय वैद्यक संघटनांनी हा दंडक बदलला. आता ३५ च्या वर आजार असो वा नसो शस्त्रक्रिया सुचविता येते, आणि ३० ते ३५ या पट्ट्यात मधुमेहादी विकार असल्यास तिचा विचार करता येतो. आशियाई लोकांच्या पोटात कमी वजनावरच घातक चरबी साठू लागते व मधुमेहही लवकर गाठतो. म्हणून आपल्याकडे २७.५ पासूनच हा विचार सुरू होऊ शकतो.

येथे एक व्यावहारिक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. वैद्यकाचा उंबरठा खाली आला, तरी विम्याचा उंबरठा त्याच पायरीवर असेल असे नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली घालून दिलेल्या अटींनुसार रुग्ण अठरा वर्षांचा वा अधिक वयाचा असावा. बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असावा, अथवा ३५ किंवा अधिक असून जोडीला हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार वा आटोक्यात न येणारा मधुमेह असावा. आणि सौम्य उपाय करून पाहिल्यावर गुण आलेला नसावा. पूर्वीच्या उपचारांची कागदपत्रे जपून ठेवणे, हाही तयारीचाच भाग होय.

लठ्ठ माणूस केवळ जिभेचा लाड करतो म्हणून लठ्ठ असतो, ही समजूत आता टिकत नाही. उपाशी राहून वजन उतरविले की शरीर भूक वाढविते, उष्णतेचा व्यय कमी करते आणि गेलेले वजन परत मिळविण्याची खटपट करते. १९९९ साली जपानी संशोधकांनी घ्रेलिन नावाचे भूक चेतविणारे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. उलट लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून निघणारी काही संप्रेरके तृप्तीची जाणीव देतात आणि इन्शुलिनला मदत करतात. आजच्या शस्त्रक्रिया पोट लहान करतात हे खरे. पण त्याबरोबरच या संप्रेरकांचा तोलही बदलतात. म्हणूनच पुष्कळ रुग्णांची रक्तशर्करा वजन पुरते उतरण्यापूर्वीच खाली येऊ लागते.

ही विद्या काही एका दिवसात सुरक्षित झालेली नाही. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा फार मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया सुरू झाली. वजन भराभर उतरे, पण यकृत निकामी होणे व तीव्र कुपोषण असे परिणाम दिसू लागल्याने ती पुढे टाकून द्यावी लागली. १९६६ साली आयोवा येथे एडवर्ड मेसन या शल्यवैद्याने जठराचा लहानसा भाग वेगळा करून तो आतड्यास जोडण्याची रीत आणली. आजच्या बायपासचे मूळ तेथे आहे. १९९० नंतर दुर्बिणीच्या साह्याने लहान छिद्रांतून हे काम होऊ लागले आणि धोका पुष्कळच घटला. जठराभोवती पट्टा बसविण्याची रीत मधल्या काळात फार गाजली. परंतु पट्टा सरकणे, रुतणे आणि वजन परतणे या तक्रारींमुळे ती आज क्वचितच वापरतात.

आता रुग्णापुढे मुख्यतः तीन पर्याय राहतात. पहिली स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. हिच्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग उभा कापून काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. आतड्यास हात लावावा लागत नाही, त्यामुळे ही तुलनेने सोपी आहे. पण काढलेला भाग परत बसविता येत नाही. शिवाय उरलेल्या अरुंद नळीत दाब वाढून आम्ल घशाशी येण्याची तक्रार सुरू होऊ शकते, आणि आधीपासून असेल तर बळावू शकते.

दुसरी रू-एन-वाय बायपास. रू हे एकोणिसाव्या शतकातील एका स्विस शल्यवैद्याचे नाव असून, आतड्याची जोडणी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते म्हणून हे नाव पडले. हिच्यात जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम दोन मोठ्या चमच्यांइतके अन्न मावेल अशी पिशवी करतात व ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. उरलेले जठर शरीरातच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. आम्लपित्ताच्या रुग्णास ही बहुधा मानवते आणि मधुमेहावर हिचा प्रभाव चांगला पडतो. मात्र लोह, कॅल्शियम व बी-१२ यांचे शोषण कमी होते. गोड पदार्थ भरभर खाल्ल्यास घाम, धडधड व घेरी येते. जोडावर व्रण होऊ शकतो. आणि कित्येक वर्षांनंतरही आतडे आतल्या आत अडकण्याचा धोका राहतो.

तिसरी मिनी बायपास. ही अमेरिकेत १९९७ साली सुरू झाली. हिच्यात दोन जोडांऐवजी एकच जोड असतो, म्हणून वेळ कमी लागतो. आपल्या देशात ती बरीच केली जाते. फ्रान्समधील २०१९ सालच्या एका तुलनेत वजन घटविण्यात ती जुन्या बायपासहून उणी ठरली नाही; पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी तिच्यात अधिक आढळल्या. ज्याचा आहार मुळातच प्रथिनांनी तोकडा आहे, त्याने ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

पहिल्या दोहोंची तुलना फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर दहा वर्षे करण्यात आली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जादा वजनापैकी स्लीव्हने सुमारे ४४ टक्के, तर बायपासने सुमारे ५२ टक्के वजन कमी राहिले. म्हणजे बायपास पुढे होता, पण फरक फार मोठा नव्हता. अन्ननलिकेच्या दाहात मात्र अंतर ठळक होते : स्लीव्ह झालेल्यांत ३१ टक्के, बायपास झालेल्यांत ७ टक्के. मधुमेहाबाबत नॉर्वेतील २०१९ सालच्या एका पाहणीत, शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने मधुमेह मागे हटलेल्यांचे प्रमाण बायपासमध्ये स्लीव्हपेक्षा स्पष्टपणे अधिक होते. या आकड्यांवरून एकच शस्त्रक्रिया सर्वांसाठी श्रेष्ठ ठरत नाही. प्रत्येकीचे देणे वेगळे आहे आणि घेणेही वेगळे आहे.

हे नीट कळावे म्हणून कुकटपल्लीतील एका बाकावर तीन माणसे बसली आहेत, अशी कल्पना करू. पहिला हायटेक सिटीत रात्रपाळी करणारा, मूळचा नांदेडचा तरुण. त्याला वर्षानुवर्षे जळजळ होते, रात्री आंबट पाणी घशाशी येते. मित्राची स्लीव्ह झाली म्हणून त्यालाही तीच हवी आहे. परंतु दुर्बिणीने तपासल्यावर अन्ननलिकेस दाह दिसला, तर मित्राचा अनुभव त्याच्या कामाचा नाही. त्याच्यासाठी बायपासचा विचार आधी व्हावा.

दुसरा पन्नाशी ओलांडलेला दुकानदार. गुडघेदुखीमुळे तो रोज वेदनाशामक गोळ्या घेतो, आणि तंबाखूची चंची खिशात असते. या दोन्ही गोष्टी बायपासच्या जोडावर व्रण करणाऱ्या आहेत. गोळ्या सुटणे शक्य नसेल, तर त्याला स्लीव्ह अधिक निर्धोक ठरण्याचा संभव आहे. तंबाखू मात्र कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी सोडावीच लागेल.

तिसरी उमरग्याकडील गृहिणी. मधुमेहास बारा वर्षे झाली, इन्शुलिन चालू आहे. मधुमेहाचा विचार करता बायपासकडे कल झुकतो. पण तिच्या घरापासून इस्पितळ दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. दरमहा गोळ्या आणणे, ठरलेल्या मुदतीने रक्त तपासणे आणि एखाद्या रात्री पोटात तीव्र कळ आली तर तातडीने मोठे इस्पितळ गाठणे, हे तिच्या घरच्यांना जमेल काय? जमत असेल तर बायपास योग्य आहे. जमणार नसेल, तर ही गोष्ट शल्यवैद्यास आधीच सांगितली पाहिजे. पुष्कळदा रुग्ण संकोचाने ती सांगत नाही, आणि डॉक्टर घाईत विचारीत नाहीत. चूक तेथे होते.

या तिघांपैकी कोणालाही शस्त्रक्रिया टाळावीशी वाटली, तर औषधांचा मार्गही आता आहे. टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन घटविणारी टोचून घ्यावयाची औषधे २०२५ साली आपल्या बाजारात आली. त्यांनी वजन चांगले उतरते. पण औषध थांबविल्यावर उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, असे दिसून आले आहे. तेव्हा तोही दीर्घकाळचाच करार आहे. खर्चाचा प्रश्न असणाऱ्याने सरकारी इस्पितळांतही चौकशी करावी.

निवड ठरली की पूर्वतयारी सुरू होते, आणि तिला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. जठराची दुर्बिणीने तपासणी, पित्ताशयातील खड्यांसाठी सोनोग्राफी, हृदय, यकृत, थायरॉइड व तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी ही झालीच पाहिजे. जो झोपेत मोठ्याने घोरतो व दिवसा पेंगतो, त्याच्या झोपेतील श्वासाची तपासणी करावी. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक नसणे धोक्याचे असते. बी-१२, ड जीवनसत्त्व व लोह यांची कमतरता आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, फार आढळते. ही तूट शस्त्रक्रियेआधीच भरून काढावी. मागाहून भरणे अवघड जाते.

तंबाखू, गुटखा, मिश्री व विडी-सिगारेट किमान सहा आठवडे आधी बंद हवी. मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या कधी थांबवावयाच्या, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. काही गोळ्या तीन-चार दिवस आधीच बंद कराव्या लागतात. शेवटचे सुमारे दोन आठवडे अल्प उष्मांकांचा व प्रथिनयुक्त आहार देतात. त्याचा हेतू समजून घेतला तर तो पाळणे सोपे जाते. लठ्ठ माणसाचे यकृत चरबीने सुजलेले असते आणि ते जठरावर झाकणासारखे पसरते. या आहाराने ते आकसते व शल्यवैद्यास जठर नीट दिसते. ‘शस्त्रक्रियेनंतर खाता येणार नाही’ म्हणून याच दिवसांत बिर्याणीची हौस भागवून घेणारा रुग्ण स्वतःच्याच वाटेत धोंड टाकतो.

मनाची तयारी तितकीच महत्त्वाची. दुःख, राग वा एकटेपणा आला की खाण्याकडे वळणाऱ्या माणसाचे पोट लहान केले, तरी ती ओढ लहान होत नाही. ती आधी ओळखून मानसतज्ज्ञाशी बोलणे यात कमीपणा नाही. ज्या स्त्रियांना मूल हवे आहे, त्यांनी शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने थांबावे आणि त्या काळातील संततिनियमनाचा सल्ला घ्यावा. बायपासनंतर पोटातून घेतलेल्या गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

घरच्या माणसांनीही पुढचे चित्र आधी पाहून ठेवावे. पहिले काही दिवस पाण्यासारखे पातळ पदार्थ, मग ताक, दूध व वरणाचे पाणी, मग घोटलेले अन्न, मग मऊ अन्न, असे टप्प्याटप्प्याने साधारण चार ते सहा आठवड्यांत नेहमीच्या जेवणाकडे यावयाचे असते. त्यानंतर ताटातील क्रमही बदलतो : वरण, उसळ, दही, पनीर, अंडे वा मासे आधी आणि भात-भाकरी मागाहून. दिवसाकाठी साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावयास हवीत. जेवताना पाणी पिऊ नये. सावकाश चावून खावे. आपल्याकडे पंगतीत आग्रह हा प्रेमाचा मानला जातो. पण या माणसास ‘आणखी एक घास’ म्हणणे म्हणजे त्याला त्रास देणे होय. दिवसभर चिवडा, फरसाण किंवा गोड इराणी चहा व बिस्किटे थोडी थोडी चालू राहिली, तर लहान केलेले पोटही वजन रोखू शकत नाही.

अपेक्षाही मोजून ठेवाव्या. पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या सुमारे पाव ते एकतृतीयांश घट साधारणपणे होते. पुढे थोडे वजन परत येणे हे अपयश नव्हे. अनुभवी केंद्रांत मृत्यूचा धोका हजारी एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेइतका, असतो. उलट स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुष्य, न झालेल्या तशाच रुग्णांपेक्षा सरासरी तीन वर्षांनी अधिक आढळले. भीती आणि भुरळ या दोहोंपासून दूर राहण्यास इतकी माहिती पुरेशी आहे.

राहता राहिला अंतराचा प्रश्न, आणि मराठवाड्यातील रुग्णाच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. इस्पितळातून दोन-चार दिवसांत घरी पाठवितात, पण टाक्यांतून गळती होण्याचा धोका त्यानंतरही काही दिवस असतो. म्हणून दूरच्या रुग्णाने आठ-दहा दिवस शहरातच, इस्पितळाच्या जवळपास राहण्याची सोय करावी. ताप, नाडी फार जलद होणे, पोटात वा डाव्या खांद्यात वाढती वेदना, धाप लागणे, पोटरी सुजणे यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. सतत उलट्या होऊ लागल्या, तर बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदूस व मज्जातंतूंस कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे त्या अंगावर काढू नयेत.

गावी परतताना कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणी केली, कोणती जीवनसत्त्वे जन्मभर घ्यावयाची आणि कोणती वेदनाशामके वर्ज्य आहेत, हे एका कागदावर लिहून घ्यावे. त्याची एक प्रत गावातील डॉक्टरांकडे द्यावी व एक पाकिटात ठेवावी. पाच वर्षांनी एखाद्या रात्री बायपास झालेल्या रुग्णाच्या पोटात अकस्मात कळ उठली, तर समोरच्या डॉक्टरांना ती साधी पोटदुखी वाटू शकते. त्या कागदामुळे आतडे अडकल्याची शंका त्यांना वेळेवर येईल, आणि जीव वाचेल.

तेव्हा कुकटपल्लीच्या त्या बाकावर बसलेल्या माणसाने आत जाताना चार प्रश्न लिहून न्यावेत. माझ्या अन्ननलिकेची व जठराची तपासणी काय सांगते? माझ्या मधुमेहास यातील कोणत्या शस्त्रक्रियेचा अधिक उपयोग होईल? माझ्या चालू औषधांशी व सवयींशी कोणती जुळते? आणि मी येथून दोनशे किलोमीटर दूर असताना माझी देखभाल कोण करील? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे शल्यवैद्य देतील. चौथ्याचे उत्तर घरच्यांनी एकत्र बसून आधी शोधावे, आणि ते सापडल्यावरच शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी.